नोंद वाचून दाखवणारे शासन हवे : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
आणि सर्व प्रशासकीय विभागांचे सचिव,
मंत्रालय, मुंबई.

विषय : संगणकीकृत झालेला शासकीय कारभार नागरिकांसाठी खुला करण्याबाबत.

महोदय,

महसूल खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीची सुरुवातीची वर्षे बारनिशीत आवक-जावक लिहिण्यात गेली आणि शेवटची वर्षे संगणकासमोर गेली. आता आठवड्यातले दोन दिवस मी गावच्या वाचनालयात बसतो आणि येईल त्याला माहिती अधिकाराचा अर्ज, सेवा हक्काचे अपील किंवा सातबाऱ्यातल्या दुरुस्तीचा अर्ज लिहून देतो. टेबलाच्या एका बाजूला आयुष्य काढल्यावर दुसऱ्या बाजूला बसून जे दिसले, ते आपल्यासमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या काही वर्षांत शासनाने संगणकीकरणासाठी केलेले काम लहान नाही, हे आधीच नमूद करतो. ज्या सातबाऱ्यासाठी शेतकरी तलाठ्याच्या सज्जावर चार-चार खेपा घालत असे, तो डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आज पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत घालून दिली आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. २०२५ मध्ये कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा आणि त्यापाठोपाठ दीडशे दिवसांचा कार्यक्रम राबवून कार्यालयांचे गुणांकन झाले आणि त्यात संकेतस्थळे व ई-ऑफिस, म्हणजे संगणकावर फायली चालवण्याची प्रणाली, यांनाही स्थान मिळाले. या सर्वांमागे सहकाऱ्यांनी रात्री जागवलेल्या आहेत, हे मला ठाऊक आहे.

तरीही माझे म्हणणे असे आहे, की आपण कारभार संगणकावर नेला, पण खुला केला नाही. काही बाबतींत तर तो पूर्वीपेक्षा अधिक बंद झाला. खुले शासन म्हणजे काय, याची व्याख्या शोधायला मला लांब जावे लागत नाही. आपल्याच खात्याने ते एकदा करून दाखवले आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात महसूल विभागाने गावोगावी चावडी वाचनाची विशेष मोहीम घेतली होती. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना असंख्य चुका झाल्या होत्या. कुठे क्षेत्राचा दशांश सरकला होता, कुठे भोगवटादाराचा वर्ग बदलला होता, कुठे इतर हक्कातली विहीर गायब होती, तर कुठे वारसांतले एखादे नाव गळले होते. चुका दुरुस्त करण्यासाठी दिलेली एडिट आणि री-एडिट अशी दोन्ही संगणक मॉड्यूल वापरूनही कार्यालयात बसून या चुका संपेनात, कारण कार्यालयात बसणाऱ्याला नोंद दिसते, शेत दिसत नाही. अखेर तलाठ्याने गावात बसून एकेक गट मोठ्याने वाचून दाखवावा आणि खातेदारांनी तो ऐकून चूक सांगावी, असे ठरले.

त्या मोहिमेत एका गावी मी मंडळ अधिकाऱ्यांसोबत हजर होतो. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर वाचन चालले होते. एका गटाची चार नावे वाचून झाली आणि तलाठी पुढच्या गटाकडे वळले, तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, "माझं नाव का घेतलं नाही?" हस्तलिखित उतारा काढून पाहिला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर लागलेल्या वारस फेरफारात तिचे नाव होते. संगणकात चढवताना ते राहून गेले होते. तिला वाचता येत नव्हते. तो उतारा संकेतस्थळावर किती महिने उपलब्ध होता हे मी मुद्दाम तपासले. बरेच महिने होता. जगातला कोणीही माणूस तो पाहू शकत होता आणि तरीही ती चूक कोणालाच दिसली नव्हती. ज्या क्षणी नोंद मोठ्याने वाचली गेली आणि वाचणारा माणूस ऐकून घ्यायला समोर बसलेला होता, त्या क्षणी ती सापडली.

शासनाने आपली नोंद संबंधित माणसापर्यंत पोहोचवायची, त्याला समजेल अशा रीतीने मांडायची, त्याने हरकत घेतली तर ती लिहून घ्यायची आणि दुरुस्तीचा अधिकार असलेल्या माणसाने ठरलेल्या दिवसांत निर्णय द्यायचा, एवढी चार कामे त्या पारावर झाली. खुल्या शासनाच्या नावाने देशोदेशी जे बोलले जाते, त्यातून माझ्या समजुतीप्रमाणे याहून वेगळे काही निघत नाही. आपल्या बहुतेक डिजिटल सुधारणांनी यांतले पहिले काम अर्धे केले आणि उरलेली तीन सोडून दिली.

याचा रोजचा अनुभव सांगतो. वाचनालयात येणारा माणूस मोबाइल पुढे करतो. पोर्टलवर त्याच्या अर्जासमोर 'प्रक्रियेत आहे' असे शब्द असतात आणि ते दोन दोन महिने तसेच राहतात. पूर्वी तो कार्यालयात येऊन बारनिशीतला आवक क्रमांक विचारू शकत होता, अर्ज कोणत्या संकलनात, म्हणजे कार्यालयाच्या कोणत्या शाखेत, गेला हे त्याला सांगावे लागत होते, आणि ज्याच्या टेबलावर तो पडला आहे त्या लिपिकाचा चेहरा त्याला दिसत होता. त्या व्यवस्थेत चिरीमिरीला जागा होती, हे मी नाकारणार नाही. ती मी जवळून पाहिली आहे. पण आज त्याच माणसाला विचारायला टेबलच उरलेले नाही. सेवा केंद्रातला मुलगा म्हणतो, अर्ज वर गेला. कार्यालय म्हणते, लॉगिनला दिसत नाही. तक्रार करावी तर तक्रारीचेही एक पोर्टल असते आणि तिथेही काही दिवसांनी 'निकाली' असा शेरा पडतो. कशी निकाली निघाली, हे अर्जदाराला कळत नाही.

खरी गोष्ट अशी, की अर्ज कोणाकडे पडला आहे हे शासनाला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक माहीत असते. आमच्या काळी सहा गठ्ठा पद्धत होती. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ड वर्गाचे कागद असे सहा गठ्ठे लावून दर आठवड्याला कार्यविवरण काढावे लागे, आणि कोणाकडे किती कागद शिल्लक आहेत हे त्यातून साहेबांना समजे. मनुष्याच्या हातचे काम असल्याने त्यात लपवाछपवीही होई. २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागून असंख्य फायली जळाल्यानंतर ई-ऑफिसला वेग आला आणि आता फाईल कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या खात्यात गेली आणि तिथे किती दिवस राहिली, याची नोंद आपोआप होते. २००५ चा शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा कायदा, ज्याला आपण सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो सांगतो की सर्वसाधारण फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. कायदा झाला तेव्हा हे सात दिवस मोजणार कोण, असा प्रश्न होता. आता यंत्र ते मोजते. पण मोजलेला आकडा फक्त वरिष्ठांच्या डॅशबोर्डवर दिसतो. ज्याची फाईल आहे त्याला तो दिसत नाही.

तो आकडा खुला करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. अर्जदाराने आपला अर्ज क्रमांक टाकला, की फाईल सध्या कोणत्या पदनामाच्या अधिकाऱ्याकडे आहे, किती दिवसांपासून आहे आणि सेवा हक्क कायद्याप्रमाणे मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढे मराठीत दिसावे. आणि प्रत्येक कार्यालयाच्या दर्शनी फलकावर, तसेच संकेतस्थळावर, सात दिवसांपेक्षा जास्त थांबलेल्या फायलींची पदनामनिहाय संख्या दर सोमवारी लागावी. माझ्या सगळ्या मागण्यांत ही पहिली आहे, आणि सर्वांत जास्त विरोध हिलाच होईल याचीही मला कल्पना आहे; कारण अडचण यंत्राची नसून आपल्या सवयीची आहे. कागद आपला आहे, नागरिकाचा नाही, ही समजूत आमच्या हाडात मुरलेली असते. मीही तिच्यातच वाढलो.

आता प्रसिद्ध केलेल्या माहितीकडे वळतो. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे सतरा बाबी प्रत्येक कार्यालयाने कायदा झाल्यापासून १२० दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करायच्या होत्या आणि नंतर दर वर्षी अद्ययावत करायच्या होत्या. लोकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, हा त्यामागचा हेतू कलम ४(२) मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्या राज्यासाठी तर या कायद्याला वेगळे मोल आहे. केंद्राच्या आधी २००२ मध्ये आपण आपला कायदा केला होता आणि त्याच्या अंमलासाठी लोकांना आझाद मैदानावर बसावे लागले होते. आज कार्यालयांत '१ ते १७ मुद्दे' हा शब्दप्रयोग एका पीडीएफपुरता उरला आहे. कोणा पूर्वीच्या लिपिकाने तयार केलेली ती फाईल असते, तिच्यात बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावे असतात, आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात वरची तारीख तेवढी बदलली जाते. गुणांकनात दुवा आहे की नाही हे पाहिले जाते, दुव्यामागची माहिती खरी आहे की नाही हे पाहिले जात नाही, म्हणून दुवा तेवढा सांभाळला जातो.

ती पीडीएफही अनेकदा वाचता येत नाही. माहिती संगणकात तक्त्याच्या रूपात तयार असते. तिची छापील प्रत काढतात, तिच्यावर सही-शिक्का घेतात, ती स्कॅन करतात आणि ते तिरपे छायाचित्र संकेतस्थळावर चढवतात. त्यात शब्द शोधता येत नाही, आकड्यांची बेरीज करता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या वाचक-यंत्राला तर तिथे कोरे पान दिसते. त्याआधीची कागदपत्रे युनिकोड येण्यापूर्वीच्या वेगवेगळ्या फाँटमध्ये आहेत. ती उघडली की मराठीच्या जागी अर्थहीन चिन्हांच्या ओळी दिसतात. एका कार्यालयाकडे मी गावनिहाय अनुदान वाटपाचा तक्ता मागितला होता आणि तो ईमेलने, आहे त्याच स्वरूपात द्यावा अशी विनंती केली होती. मला प्रति पान दोन रुपयांप्रमाणे शुल्क भरायला सांगून साडेतीनशे छापील पाने देण्यात आली. कलम ७(९) सांगते की माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. त्या पानांवरून आकडे पुन्हा संगणकात चढवायला वाचनालयातल्या दोन मुलींना तीन आठवडे लागले. शासनाच्या संगणकातून निघालेले आकडे लोकांच्या संगणकात जाताना मध्ये साडेतीनशे पाने कागद का लागावा, याचे उत्तर त्या कार्यालयाकडे नव्हते.

शासन निर्णयांच्या संकेतस्थळाबद्दल मात्र मला आदर आहे. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी सांकेतांक, म्हणजे तो संकेतस्थळावर शोधायचा क्रमांक, येतो, डिजिटल स्वाक्षरी असते आणि मंत्रालयातल्या कपाटात अडकणारा आदेश आज दुर्गम तालुक्यातल्या शिक्षकालाही वाचता येतो. याच कामाला आणखी एक पाऊल हवे आहे. एखादा २०११ चा निर्णय उघडला तर तो अजून लागू आहे का, नंतर त्याचे शुद्धिपत्रक निघाले का, की दुसऱ्याच निर्णयाने तो अधिक्रमित केला, म्हणजे त्याची जागा घेतली, हे त्या पानावर कुठेच कळत नाही. हे जाणणारा माणूस प्रत्येक कार्यालयात एखादाच असतो. तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. मी माझ्याबरोबर बरेच घरी आणले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. प्रत्येक निर्णयाच्या पानावर त्याचा आधीचा आणि नंतरचा आदेश जोडला, तर अर्धे गैरसमज आणि निम्मी अपिले टळतील असे माझे मत आहे.

जुनी माहिती टिकवण्याचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. कागदाच्या दफ्तरात रुमालात बांधलेला अ वर्गाचा अभिलेख कायम जपला जातो, ब वर्गाचा तीस वर्षे. आपण २००५ मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा राज्य कायदाही केला. पण संकेतस्थळ नव्या साच्यात गेले किंवा कंत्राटदार बदलला की मागच्या यादीचे काय होते, ती कोणत्या वर्गात मोडते आणि ती नष्ट करायला कोणाची सही लागते, हे कोणी ठरवलेले नाही. मागच्या वर्षीच्या लाभार्थ्यांच्या यादीच्या जागी 'पान सापडले नाही' असे दिसते. एखाद्या तहसीलदाराने गावाचे जुने फेरफार रजिस्टर फाडून टाकले असते, तर त्याच्यावर फौजदारी झाली असती.

यादीचा विषय निघालाच आहे, तर ज्या ठिकाणी बंद संगणकाचा घाव सर्वांत खोल बसतो, तिथे थोडे थांबतो. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरायला लावले गेले. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या, ठसे उमटेनात, नवरा-बायकोने एकत्र यावे लागे. त्यानंतर बँकांची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना, याद्या लांबल्या, आणि यादीत नाव न आलेल्या शेतकऱ्याला कोणीच कारण सांगू शकले नाही. बँक म्हणे वरून यादी येते, वरचे म्हणत बँकेने माहिती चुकीची भरली. माझ्या समोर रडलेला माणूस थकबाकीदार म्हणून रडत नव्हता. आपण नेमके कुठे चुकलो हे त्याला सांगता येईल असा एकही माणूस त्याला भेटत नव्हता, म्हणून तो रडत होता. त्यानंतर आलेल्या प्रत्येक योजनेत पात्रता ठरवण्याचे काम अधिकाधिक संगणकाकडे गेले आहे. एका नोंदीशी दुसरी नोंद ताडून पाहायची आणि जुळले नाही की हप्ता थांबवायचा, ही पद्धत रूढ होत आहे. ती वापरू नये असे मी म्हणत नाही. खोटे लाभार्थी मीही पाहिले आहेत. पण पूर्वी अर्ज नामंजूर करताना तहसीलदाराला कारणांसह आदेश काढावा लागे आणि त्यावर अपील होई. यंत्राने नाव गाळले तरी ती नामंजुरीच असते. तिलाही कारण हवे, सही हवी आणि अपील हवे.

म्हणून माझी दुसरी मागणी अशी आहे, की ज्या नोंदींवरून एखाद्याचा लाभ सुरू किंवा बंद होणार आहे, त्या नोंदींचे लाभ थांबवण्यापूर्वी ग्रामसभेत किंवा प्रभागात वाचन व्हावे. कोणाचे नाव वगळले जाणार आहे आणि कोणत्या निकषाने, हे तिथे सांगावे, हरकती लिहून घ्याव्यात आणि दुरुस्तीचा अधिकार असलेला अधिकारी त्या जागी हजर असावा. सातबाऱ्यासाठी जे करता आले, ते शिधापत्रिका, निराधार योजना आणि पीक विम्यासाठीही करता येईल. फेरफाराच्या नोटिसा आता 'आपली चावडी' या नावाने संकेतस्थळावर दिसतात, ही चांगली सोय आहे; शहरात राहणाऱ्या खातेदाराला तिचा मोठा उपयोग होतो. परंतु त्या चावडीवर कोणी वाचून दाखवत नाही, हे ध्यानात ठेवावे लागेल. अक्कलकुवा, धडगाव, मेळघाट, भामरागड या भागांत मोबाइलची रेंज कुठल्या टेकडीवर मिळते हे गावकऱ्यांना पाठ असते, आणि तिथल्या कित्येकांची घरची भाषा भिली, कोरकू किंवा गोंडी आहे. कलम ४(४) स्थानिक भाषेचा आणि सर्वांत प्रभावी माध्यमाचा विचार करायला सांगते. काही गावांत ते माध्यम अजूनही दवंडी आणि ग्रामसभा हेच आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लोकांच्या हाती नोंद दिली की ते ती जबाबदारीने सांभाळतात, याचा पुरावा ई-पीक पाहणीत आहे. २०२१ पासून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून आपले पीक नोंदवू लागला. ॲप अडकते, वयस्क शेतकऱ्याला शेजारच्या पोराची मदत लागते, शेवटच्या दिवशी सर्व्हर झोपतो, हे सगळे खरे आहे. पण ज्या पेरेपत्रकाचा गाव नमुना बारा तलाठी एका जागी बसून भरत असे, त्यात शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावे, ही माझ्या नोकरीच्या काळात अशक्य वाटणारी गोष्ट होती.

आता माझ्या जुन्या सहकाऱ्यांची बाजू मांडतो, कारण त्यांच्यावर सगळे ढकलून सुधारणा होणार नाही. एका तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, दोन-तीन सज्जांचा कार्यभार असतो. सकाळी तो लॅपटॉप, डोंगल आणि मोबाइल घेऊन रेंज शोधत फिरतो. तीच माहिती एका पोर्टलवर भरायची, मग दुसऱ्यावर, मग वरिष्ठांनी पाठवलेल्या तक्त्यात, आणि संध्याकाळी पुन्हा व्हॉट्सॲपच्या गटावर 'तात्काळ' म्हणून. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची कथा वेगळी नाही. अशा माणसाला 'आता ही माहिती खुलीही करा' असे सांगितले, तर ती त्याच्यासाठी आणखी एका तक्त्याची भर ठरते, आणि तो मागच्या वर्षीचाच तक्ता नवी तारीख घालून पुढे पाठवतो. खुलेपणाचे काम वेगळे करून कोणावर लादले, की त्याचे असेच होणार. ज्या प्रणालीत काम चालते, तिच्यातूनच माहिती आपोआप बाहेर दिसली पाहिजे. तिच्यासाठी लिपिकाला एकही जादा रकाना भरावा लागता कामा नये. एक माहिती एकदाच मागितली जाईल असा आदेश आपण काढलात आणि तो सर्व विभागांनी पाळला, तर क्षेत्रीय कर्मचारी आपल्याला दुवा देतील. रिक्त पदे भरणे हाही डिजिटल सुधारणेचाच भाग आहे, हे वित्त विभागाला समजावून सांगण्याचे काम आपल्याशिवाय कोणी करू शकणार नाही.

एक गंभीर बाब उरते. केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारण्यापूर्वी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती दिल्याने खाजगीपणात अनावश्यक आक्रमण होते का, हे पाहावे लागे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढ्यावरच ती नाकारता येईल, असा अर्थ अनेक माहिती अधिकारी लावू लागले आहेत. खाजगीपणाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. २०१७ मध्ये देशातल्या काही सरकारी संकेतस्थळांवर कोट्यवधी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडल्याचे समोर आले होते, आणि आजही बँक खात्यांचे क्रमांक असलेल्या याद्या कुठे कुठे चिकटवलेल्या दिसतात. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल, आजार, हे झाकलेच पाहिजे. परंतु रस्त्याचे बिल कोणाला दिले, बनावट प्रमाणपत्रावर नोकरी कोणी मिळवली, गावातल्या घरकुलाचा लाभ कोणाला मिळाला, हेही वैयक्तिक म्हणून झाकले गेले, तर सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे लोकांनीच कामाचा हिशेब तपासणे, करायचे कशावर? कलम ८(२) अजून शाबूत आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. राज्याने प्रत्येक योजनेसाठी रकान्यागणिक ठरवावे, की कोणता रकाना खुला आणि कोणता झाकलेला, आणि तो तक्ता आधीच प्रसिद्ध करावा. हा निर्णय तालुक्यातल्या माहिती अधिकाऱ्याच्या भीतीवर सोडू नये, कारण भ्यालेला अधिकारी नेहमी नकार देतो.

नकारानंतरचा रस्ताही लांब आहे. राज्य माहिती आयोगापुढील प्रलंबित अपिले आणि तक्रारी २०२३ मध्ये एक लाखाच्या वर गेलेल्या होत्या. आपल्या राज्याच्या माहिती अधिकाराच्या नियमांत अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचे बंधन आहे. तो अर्ज बेतून लिहिण्यात माझा बराच वेळ जातो. नकार आला आणि दुसऱ्या अपिलात गेलो, तर निकाल येईपर्यंत ज्या कामाची माहिती मागितली ते काम पूर्ण होऊन त्याची दुरुस्तीही निघालेली असते. यावरचा खरा उपाय मागण्यापूर्वीच देणे हा आहे. राजस्थानने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जन सूचना पोर्टल सुरू केले आणि त्यावर पंचायतनिहाय शिधावाटप, रोजगार हमी, निवृत्तिवेतन यांची माहिती अर्जाशिवाय पाहता येते. तिथे हे घडले, कारण कोणती माहिती कशी लागते हे गावात काम करणाऱ्या संघटनांनी शासनासोबत बसून ठरवले. आपल्याकडे १९७० च्या दशकात रोजगार हमी उभी राहिली. हजेरीपट गावासमोर वाचण्याची मागणी इथल्या मजुरांनीही केलेली आहे. त्यांना बोलवावे. सॉफ्टवेअरची निविदा काढण्याआधी एखाद्या गावातली दहा माणसे मंत्रालयात बसवावीत आणि त्यांना काय पाहायचे आहे, हे विचारावे.

हे सर्व एकदम होणार नाही याची मला जाणीव आहे. म्हणून प्रत्येक महसूल विभागातला एक, असे सहा तालुके निवडावेत. तिथे थांबलेल्या फायलींची संख्या दर सोमवारी फलकावर लावावी, नामंजुरीचे कारण प्रत्येक अर्जदाराला मराठीत लेखी मिळावे, आणि येत्या उन्हाळ्यात सर्व योजनांच्या नोंदींचे गावोगावी वाचन घ्यावे. सहा महिन्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज घटले की वाढले, किती नोंदी दुरुस्त झाल्या आणि किती हरकती फेटाळल्या, हे आकडे तक्त्याच्या स्वरूपात प्रसिद्ध करावेत. वाचनाला मोबदल्याशिवाय बसायला माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी प्रत्येक तालुक्यात मिळतील. माझे नाव त्यांत पहिले धरावे.

या पत्राचे उत्तर देणे आपणास योग्य वाटले, तर ते मला टपालाने न पाठवता शासनाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असे ठेवावे, ही विनंती. मी त्याची प्रत काढून वाचनालयाच्या फलकावर लावीन आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना रविवारी पारावर वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून